मेंदूविज्ञानातल्या संशोधकाची प्रकाशनयादी कशी वाचावी? (एच-इंडेक्स, सायटेशन वगैरे)

निळीशाई

नमस्कार मंडळी. मेंदूविज्ञानात पीएचडी करायचं नक्की केलं आहे आणि दोन लॅबकडून होकार आला आहे. नावं देत नाही, कारण प्रश्न त्या व्यक्तींबद्दल नाहीच, त्यांच्या याद्या कशा वाचायच्या हा आहे.

"अ" यांचं काम एफएमआरआयवर (मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्याचं काम टिपणारं स्कॅनिंग). गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स 71, एकूण सायटेशन (इतर पेपरांनी संदर्भ म्हणून केलेले उल्लेख) 36 हजारांच्या आसपास, पेपर तीनशेच्या वर. "ब" यांची लॅब लहान आहे. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) इलेक्ट्रोड बसवून एकेका पेशीच्या नोंदी घेतात. एच-इंडेक्स 24, सायटेशन 2,600, पेपर चाळीसेक. ज्याला विचारावं तो आकडे बघतो आणि म्हणतो, "अ घे, यात विचार कसला करतेस?" मला मात्र "ब" यांचे पेपर वाचताना पुढे काय निघालं हे कळायची घाई झाली होती, तसं "अ" यांच्या बाबतीत झालं नाही.

तर प्रश्न असे. हे आकडे नेमकं काय मोजतात? स्कोपस या दुसऱ्या सूचीवर "अ" यांचा एच-इंडेक्स 58 दिसतो, हा फरक कशामुळे? आणि अशी यादी हातात आली की जाणकार माणसाची नजर आधी कुठे जाते?

जुने_ग्रंथालय

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं संशोधकांना हेच आकडे काढून देत होतो, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

एच-इंडेक्स हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवला. 71 म्हणजे यादीत किमान 71 पेपर असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाला किमान 71 सायटेशन मिळाली आहेत. सगळ्यात वरच्या पेपरला 80 मिळाली की 8,000, हे त्या आकड्यात उमटत नाही. दुसरं म्हणजे हा आकडा कधी खाली येत नाही. माणसाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांवर तो वाढत राहतो. हिर्शने त्याच लेखात एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागूनही बघा असं म्हटलं होतं, ते मात्र फारसं कुणी करत नाही.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे निवडलेली जर्नलं आणि काही पुस्तकं, परिषदा एवढंच मोजतात. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी जालावर टाकलेले पेपर), अहवाल, जे जालावर सापडेल ते मोजतो. त्यामुळे तिथला आकडा जवळपास नेहमीच मोठा येतो. तुलना करायची तर दोघांचेही आकडे एकाच ठिकाणचे घ्या. आणि आडनाव-आद्याक्षर सारखं असलेल्या दुसऱ्याच कुणाचे पेपर प्रोफाइलमध्ये शिरलेत का, तेही बघा. ही गल्लत टाळायला 2012 पासून प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र असा ऑर्किड क्रमांक आहे, तो असेल तर त्यावरून पडताळता येतं.

आता तुम्ही दिलेल्या आकड्यांकडे. हिर्शच्या निरीक्षणानुसार एकूण सायटेशन एच-इंडेक्सच्या वर्गाच्या साधारण तिप्पट ते पाचपट असतात. "ब" यांचं बघा: 24 चा वर्ग 576, आणि 2,600 म्हणजे त्याच्या साडेचारपट. नेहमीचं चित्र. "अ" यांचा 71 चा वर्ग 5,041, आणि 36 हजार म्हणजे सातपटीच्या वर. याचा अर्थ यादीच्या माथ्यावर मोजके पेपर आहेत ज्यांनी हजारोंनी सायटेशन ओढली आहेत. ते कोणते, कसले, आणि त्यात यांचं नाव कितवं, एवढं सांगाल का? पहिले पेपर किती वर्षांपूर्वीचे तेही.

निळीशाई

काका, खूप आभार. "अ" यांचा पहिला पेपर 31 वर्षांपूर्वीचा, "ब" यांचा 14. भागाकार केला तर 2.3 आणि 1.7 येतो, म्हणजे वाटलं होतं तेवढी दरी नाही.

"अ" यांचा सगळ्यात जास्त सायटेशनचा पेपर एका मोठ्या बहुकेंद्री प्रकल्पाचा आहे. शंभरावर लेखक आणि यांचं नाव मधे कुठेतरी. दुसरा रिव्ह्यू आहे, म्हणजे इतरांच्या पेपरांचा आढावा. तिसरा विश्लेषणाच्या एका सॉफ्टवेअरचा, त्यात हे शेवटचे लेखक. चौथ्यापासून पुढे त्यांच्या लॅबचे प्रयोग सुरू होतात.

व्हॉक्सेल

मी याच क्षेत्रात आहे, ब्रेन इमेजिंग. तुमच्या या तीन ओळींत सगळं आलं.

पद्धतीचा पेपर आणि शोधाचा पेपर यांना सायटेशन वेगळ्या कारणांनी मिळतात. विज्ञानात आजवर सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर प्रथिनं मोजण्याच्या रीतीचा आहे, लाउरीचा 1951 चा. तीन लाखांच्या वर. ती रीत वापरणारा प्रत्येक जण तो पेपर संदर्भ म्हणून देतो. आमच्याकडे हेच कार्ल फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांच्या एसपीएम या सॉफ्टवेअरबाबत झालं. एफएमआरआयच्या चित्रातल्या प्रत्येक बिंदूवर सांख्यिकी चाचणी लावायची जी चौकट त्यांनी 1995 च्या पेपरमध्ये मांडली, ती जगभरच्या लॅबनी उचलली. 2016 मध्ये सिमँटिक स्कॉलर या पेपर शोधायच्या संकेतस्थळाने प्रभावी मेंदूवैज्ञानिकांची क्रमवारी काढली त्यात फ्रिस्टन पहिले होते. अलीकडचं उदाहरण डीपलॅबकट, 2018. प्राण्यांच्या हालचाली व्हिडिओवरून, अंगावर खुणा न लावता टिपणारं साधन. वर्तनावर काम करणाऱ्या लॅबमध्ये ते बघता बघता पसरलं.

अशा कामाला मी दुय्यम मानत नाही. चांगलं साधन दहा वर्षांचं काम एका वर्षात आणून ठेवतं, ते बनवणाऱ्याला सायटेशन मिळायलाच हवीत. फक्त विद्यार्थी म्हणून तुम्हाला हे कळलं पाहिजे, की "अ" यांच्या लॅबमध्ये आजही साधनं बनतात, की जुन्या साधनाची पुण्याई चालू आहे. तिसऱ्या पेपरचं वर्ष बघा, आणि त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती कधी आली तेही बघा.

रिव्ह्यूचं गणित आणखी निराळं. मिलर आणि कोहेन यांचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवरचा (मेंदूचा कपाळामागचा भाग) 2001 चा लेख हजारो जण देतात. त्यात स्वतःची अशी एक मांडणी आहे म्हणून तो टिकला. पण पुष्कळ रिव्ह्यूंना सायटेशन मिळतात ती सोय म्हणून. वीस मूळ पेपर द्यायच्या ऐवजी लोक एक रिव्ह्यू देऊन मोकळे होतात आणि मूळ प्रयोग करणाऱ्यांच्या खात्यावर काही जमा होत नाही.

माझा सल्ला: यादीतून बहुकेंद्री पेपर, रिव्ह्यू आणि पद्धती बाजूला काढा. जे उरेल त्यावर पुन्हा एच-इंडेक्स मोजा.

खडूफळा

वरच्या प्रतिसादांशी बराचसा सहमत आहे, तरी दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

मी निवड समित्यांवर बसलो आहे. आकडे बाजूला ठेवून "कामाचा दर्जा बघू" असं ठरलं की प्रत्यक्षात काय होतं, ते पाहिलं आहे. कुणी कुणाचा विद्यार्थी, कोण कुठल्या गटातला, शिफारसपत्रावर कुणाची सही, यावर गाडी जाते. एका ठिकाणी (नाव नको) एका मुलीच्या पेपरांना तिच्या सोबतच्या सगळ्या उमेदवारांपेक्षा कितीतरी जास्त सायटेशन होती, पण तिच्या गाईडला समितीत कुणी ओळखत नव्हतं. तिचे पेपर कुणी उघडलेसुद्धा नाहीत. त्या दिवशी सायटेशनचा तक्ता टेबलावर असता तर निदान "का नको?" हे विचारता आलं असतं.

आकड्याला नाव नसतं, घराणं नसतं. तो अपुरा आहे हे मान्य. पण तो काढून टाकला की त्याच्या जागी वाचन येईल असं धरून चालू नका. बऱ्याचदा त्याच्या जागी ओळख येते.

टिंबरेषा

खडूफळा, हे कुणीतरी बोलायला हवं होतं. वाचते आहे.

मज्जारज्जू

मी न्यूरोलॉजिस्ट, संशोधन थोडंच करतो, पण आमच्या विषयाचा इतिहास हा माझा जिव्हाळा. सायटेशनच्या चष्म्यातून इतिहास पाहिला तर काय दिसतं ते सांगतो.

हॉजकिन आणि हक्स्ली. 1952 मध्ये जर्नल ऑफ फिजिऑलॉजीत पाच पेपर. स्क्विडच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून चेतासंदेश कसा धावतो याची समीकरणं दिली. 1963 चं नोबेल. आज जगात कुठेही ॲक्शन पोटेन्शियल (चेतासंदेशाची विद्युत लहर) मोजलं जातं तेव्हा त्यांचं काम वापरलं जातं, पण दर वेळी तो पेपर देतो कोण? ते पाठ्यपुस्तकात गेलं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नोंदवून ठेवलं आहे: शोध इतका मुरतो की तो कुणाचा हे लिहायची गरज कुणाला वाटत नाही. सर्वांत खोल परिणाम झालेल्या कामाचा परिणाम मोजणीतून असा गळतो.

ब्रेंडा मिल्नर. 1957 चा स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा पेपर. एच. एम. या रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग फेफऱ्यावर उपाय म्हणून काढला आणि त्याला नव्या आठवणी साठवता येईनात. स्मृतीच्या अभ्यासाला वळण देणारा हा पेपर. त्याची मानसशास्त्रीय तपासणी मिल्नर यांची, शस्त्रक्रिया स्कोव्हिल यांची, आणि नावांत मिल्नर दुसऱ्या. आज एखादी समिती "पहिल्या किंवा शेवटच्या नावाचेच पेपर धरा" म्हणाली तरी दोनच लेखक असल्यामुळे मिल्नर वाचतात. तिसरं नाव मागे असतं तर गेल्या असत्या.

आणि निळीशाई, तुमच्या "ब" यांच्या विषयाचं घराणं. जॉन ओ'कीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की, 1971, ब्रेन रिसर्च. पाच पानांची टिपणी. उंदीर जागेच्या ठरावीक भागात आला की हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी पेटतात, एवढंच निरीक्षण, आणि नोंदीही मोजक्या पेशींच्या. नोबेल 2014 मध्ये, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्यासोबत. मधे 43 वर्षं.

व्हॉक्सेल

यात भारत बिस्वाल यांचं नाव घालायलाच हवं. 1995 मध्ये, विद्यार्थिदशेत, त्यांनी दाखवलं की माणूस स्कॅनरमध्ये काहीही न करता पडून असताना मेंदूच्या डाव्या-उजव्या हालचालकेंद्रांतले संथ चढउतार एकमेकांशी जुळतात. तोवर सगळे या चढउतारांना नको असलेला गोंगाट समजून गाळत होते. सुरुवातीची बरीच वर्षं या पेपराकडे फार थोड्यांनी पाहिलं. पुढे रेस्टिंग-स्टेट हे एफएमआरआयचं केवढं मोठं दालन झालं ते आपण जाणतोच. पाच वर्षांत सायटेशन किती, यावर नेमणूक ठरत असती तर हा पेपर कुणाच्या कामी आला नसता.

संभाव्यता

मी सांख्यिकीतली. मेंदूविज्ञानाच्या याद्या वाचताना मला वेगळीच काळजी असते. सायटेशन जास्त म्हणजे निष्कर्ष बरोबर, असं आपण न बोलता धरून चालतो. तसं नसतं.

2013 मध्ये बटन आणि सहकाऱ्यांनी नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्समध्ये या क्षेत्रातल्या अभ्यासांची सांख्यिकीय ताकद तपासली. मध्यक निघाला 21 टक्के. सोप्या भाषेत, परिणाम खरोखर असेल तरी असे अभ्यास पाचातून एकदाच तो पकडतील. आणि ताकद कमी असताना जो परिणाम हाती लागतो तो बहुधा फुगलेला असतो. फुगलेला परिणाम ठळक दिसतो, ठळक म्हणून चांगल्या जर्नलात जातो, तिथे गेला म्हणून सायटेशन मिळतात. म्हणजे हे चक्र उलटंच फिरू शकतं.

2016 मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी 499 निरोगी माणसांच्या विश्रांतीतल्या स्कॅनवर खोटे प्रयोग रचून बघितले. जिथे काही सापडायलाच नको, तिथे एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय ही तिन्ही प्रचलित सॉफ्टवेअर, क्लस्टरवर (शेजारशेजारच्या बिंदूंच्या गटांवर) आधारित चाचणीच्या सैल उंबरठ्यावर, 5 टक्क्यांऐवजी 70 टक्क्यांपर्यंत खोटे सकारात्मक निकाल देत होती. सगळे जुने पेपर चुकले असा याचा अर्थ नाही. कडक उंबरठा वापरणारे बरेच तगून आहेत. पण "अ" यांचे 2016 आधीचे पेपर वाचाल तेव्हा उंबरठा कुठला आणि नमुना किती माणसांचा, हे दोन रकाने जरूर भरा. 2022 मध्ये मॅरेक आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवलं, की मेंदूची रचना आणि माणसाची वागणूक यांचा संबंध माणसामाणसांतल्या फरकांवरून शोधायचा तर हजारो माणसं लागतात. क्षेत्रातल्या अभ्यासांचा मध्यक होता 25 च्या आसपास.

आणि एक वेदनादायक उदाहरण. अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार स्मृती बिघडवतो असं सांगणारा 2006 चा नेचरमधला पेपर. सुमारे 2,500 सायटेशन. 2022 मध्ये त्यातल्या चित्रांवर जाहीर आक्षेप आले आणि जून 2024 मध्ये तो मागे घेतला गेला. त्या दिवशीही ती 2,500 सायटेशन त्याच्या सगळ्या लेखकांच्या खात्यावर होतीच. रुग्णांची घरं आशेने बघत असतात, त्यामुळे हे मला नुसतं हिशेबातलं प्रकरण वाटत नाही.

खडूफळा

संभाव्यता ताई, मुद्दा पटतो. पण हे सगळे दाखले कच्च्या, एकगठ्ठा आकड्यांविरुद्ध आहेत. क्षेत्र आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेले आकडेही आहेत की! जुने_ग्रंथालय त्यावर सांगू शकतील.

जुने_ग्रंथालय

सांगतो. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेने 2016 मध्ये रिलेटिव्ह सायटेशन रेशो आणला. एखाद्या पेपरसोबत कुठले इतर पेपर दिले जातात, त्या शेजारावरून त्याचं क्षेत्र ठरवतात आणि त्या क्षेत्राच्या अपेक्षेशी तुलना करतात. एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांचा मध्यक 1 धरला आहे, म्हणजे 2 आला तर दुप्पट. आयसाइट या संकेतस्थळावर फुकट बघता येतो, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतल्या पेपरांपुरता. निळीशाई, दोघांच्या प्रयोगांच्या पेपरांसाठी हा काढून बघा. इमेजिंग आणि एकेका पेशीच्या नोंदी ही दोन वेगळ्या लोकसंख्येची गावं आहेत; कच्ची सायटेशन त्यांच्यात तुलना करायला निरुपयोगी.

स्वतःच्याच पेपरांना दिलेली सायटेशन वेगळी काढायची तर स्कोपसमध्ये तशी सोय आहे. थोडी असणं स्वाभाविक, माणूस स्वतःचंच काम पुढे नेत असतो. निम्मी असतील तर विचारा.

आणि "सर्वाधिक सायटेशन मिळालेले संशोधक" अशा याद्यांवर भिस्त ठेवू नका. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023 च्या आपल्या यादीतून गैरप्रकारांच्या शंकेवरून हजारावर नावं वगळली आणि गणिताचा अख्खा विभाग काढला. आकड्यावर बक्षीस लागलं की आकडा कमावणं हाच उद्योग होतो, हे मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे. खुद्द हिर्शनेही 2020 मध्ये लिहिलं, की एच-इंडेक्सचे त्याने न कल्पिलेले वाईट परिणाम होऊ शकतात.

तेजोवलय

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. 2020 मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये ड्वॉर्किन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मेंदूविज्ञानाच्या पाच प्रमुख जर्नलांतल्या संदर्भयाद्या तपासल्या. पेपराचा विषय, वर्ष, जर्नल, लेखकांचा अनुभव हे सगळं हिशेबात घेऊनही पहिली आणि शेवटची लेखिका बाई असलेल्या पेपरांना अपेक्षेपेक्षा कमी सायटेशन मिळतात, आणि ही तूट मुख्यतः पुरुष लेखकांच्या संदर्भयाद्यांतून येते. काळाबरोबर ती घटत नव्हती, वाढत होती.

खडूफळा सर, "आकड्याला नाव नसतं, घराणं नसतं" हे वाक्य म्हणूनच मला टोचलं. सायटेशन देणारा माणूसच असतो, आणि कुणाचं नाव आठवतं ते तोच ठरवतो. तुम्ही सांगितलेल्या मुलीचा दाखला खरा आहे आणि तिला आकड्याने मदत झाली असती हेही खरं. पण ज्या मुलींचे पेपर दिलेच गेले नाहीत, त्यांच्याकडे दाखवायला तक्ताही नसतो.

खडूफळा

हे मान्य करतो. हा अभ्यास मला माहीत नव्हता, आज वाचतो.

टेट्रोड

मी "ब" यांच्यासारख्याच कामात पोस्टडॉक आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

उंदराच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करून केसाहूनही बारीक तारांचा संच बसवायचा. मग तो दिवसागणिक मिलिमीटरच्या अंशाअंशाने खाली न्यायचा, हव्या त्या थरात पेशी ऐकू येईपर्यंत. तोवर प्राण्याला कामाचं प्रशिक्षण. आठवडे जातात. एखादा प्राणी चांगला शिकतो आणि नेमका त्याचाच संच सैल होतो. नोंदी मिळाल्या की कुठला ठोका कुठल्या पेशीचा, ते वेगळं करायचं. शेवटी मेंदूचे काप काढून तारेचं टोक खरंच तिथेच होतं ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. टोक भलतीकडे निघालं तर त्या प्राण्याचा सगळा विदा (डेटा) बाजूला. अशा लॅबमध्ये विद्यार्थ्याचा पहिला मोठा पेपर चौथ्या-पाचव्या वर्षी येतो, आणि त्यात कुणाचा आळस नसतो.

इमेजिंगमध्ये आज ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचे सुमारे 1,200 माणसांचे स्कॅन खुले आहेत. चांगला प्रश्न आणि संगणकाची हातोटी असेल तर विद्यार्थी स्वतः एकही स्कॅन न घेता वर्षभरात पेपर लिहू शकतो. तेही खरं विज्ञान आहे. पण चाळीस आणि तीनशे हे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही हे यावरून कळेल.

मी यादी कशी वाचते ते सांगते. आमच्या विषयात पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. म्हणून गाईडचं नाव शेवटी असलेले गेल्या सहा-सात वर्षांतले पेपर घ्यायचे आणि गाईडकडे न बघता पहिल्या नावांकडे बघायचं. ती नावं वेगवेगळी आहेत का? प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक पेपर मिळाला का, की दोघांना पाच-पाच आणि बाकीचे मधल्या नावांत हरवले? लॅबच्या संकेतस्थळावरची जुन्या सदस्यांची यादी त्याशेजारी ठेवायची. जी नावं तिथे आहेत पण कुठल्याच पेपरात पहिली नाहीत, त्यांचं काय झालं? सोडून गेले असतील, विषय फसला असेल, कारणं शंभर असू शकतात, पण संख्या मोठी असेल तर ती तुमच्या भवितव्याबद्दल बोलते. एच-इंडेक्स याबद्दल चकार शब्द काढत नाही. उलट मोठ्या लॅबचा एच-इंडेक्स अशा हरवलेल्या विद्यार्थ्यांच्या कामावरही चढतो.

मग विदा आणि कोड खुले ठेवलेत का ते बघते. आणि एकाच प्रश्नावर तीन-चार पेपर सलग आहेत का, नंतरचा पेपर आधीच्याची परीक्षा घेतो का? दर पेपराला नवीन चलती विषय असेल तर मी तिथे जाणार नाही. हे माझं मत, इतरांचं वेगळं असू शकेल.

पानोपानी

जर्नलच्या नावाचं काय? घरी सगळे "नेचरमध्ये किती?" एवढंच विचारतात.

जुने_ग्रंथालय

जर्नलचं वजन लोक इम्पॅक्ट फॅक्टरवरून मोजतात. तो म्हणजे त्या जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेल्या सायटेशनची सरासरी. युजीन गारफिल्ड यांच्या कामातून तो आला आणि जर्नल निवडायला ग्रंथालयांना त्याचा चांगला उपयोग झाला. एका पेपराबद्दल तो काहीच सांगत नाही. नेचरनेच 2005 च्या संपादकीयात दिलं होतं, की त्यांच्या आकड्यातली 89 टक्के सायटेशन 25 टक्के लेखांनी आणली. माणसं निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2012 च्या डिसेंबरातल्या बैठकीतून निघाला.

मज्जारज्जू

जर्नलच्या नावावरून आठवलं: सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1888 मध्ये स्वतःच्या खर्चाने स्वतःचं नियतकालिक काढलं. पहिल्या अंकाच्या 60 प्रती. स्पॅनिशमध्ये, म्हणजे बाहेर वाचणारे फार थोडे. चेतापेशी सुट्या असतात, जाळ्यासारख्या सलग नसतात, याचा पुरावा त्यात होता. पुढच्या वर्षी ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या सभेला गेले आणि क्योलिकरसारख्या ज्येष्ठाला सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष दाखवलं, तेव्हा पटलं. 1906 चं नोबेल गॉल्जींसोबत, ज्यांना काहालचं म्हणणं तेव्हाही मान्य नव्हतं.

व्हॉक्सेल

जर्नलांबद्दल एक ताजी भर: 2023 मध्ये न्यूरोइमेजच्या चाळीसहून अधिक संपादकांनी प्रकाशनशुल्क फार आहे म्हणून एकत्र राजीनामे दिले आणि इमेजिंग न्यूरोसायन्स हे नवं जर्नल काढलं. नव्या जर्नलला सुरुवातीला इम्पॅक्ट फॅक्टर नसतोच. त्यामुळे "अ" यांच्या अलीकडच्या यादीत ते नाव दिसलं तर घसरण समजू नका.

निळीशाई

सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, मनापासून धन्यवाद. सांगितलेलं करून पाहिलं.

बहुकेंद्री पेपर, रिव्ह्यू, पद्धती काढल्यावर "अ" यांचा एच-इंडेक्स 71 वरून 43 वर आला. "ब" यांचा 24 वरून 21. आयसाइटवर दोघांच्या प्रयोगांच्या पेपरांचा मध्यक बघितला, तर "ब" किंचित पुढे. "ब" यांच्या लॅबमधून आजवर पीएचडी झालेल्या प्रत्येकाचा पहिल्या नावाचा एक तरी पेपर आहे. "अ" यांच्या जुन्या सदस्यांतली बरीच नावं मला कुठेच पहिली सापडली नाहीत.

पण दुसरी गोष्टही सापडली. संभाव्यता यांनी सांगितलं म्हणून "अ" यांचे 2016 आधीचे पेपर उघडले. एका गाजलेल्या पेपराखाली दुरुस्ती जोडलेली आहे. एक्लुंड यांचा अभ्यास आल्यावर त्यांनी स्वतःहून कडक उंबरठ्यावर विश्लेषण पुन्हा केलं, चारातला एक निष्कर्ष टिकत नाही असं लिहिलं आणि विदा खुला केला. ते वाचल्यापासून त्यांच्याबद्दलचा आदर वाढला आहे आणि निर्णय आणखी अवघड झाला आहे.

दुरुस्त्या आणि मागे घेतलेले पेपर दोघांच्याही पूर्ण यादीत कसे तपासायचे? आणि आता दोन्ही लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी बोलायचं आहे, तर विचारू काय?

संभाव्यता

मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह 2023 पासून क्रॉसरेफ या संस्थेने सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात लेखकाच्या नावाने शोधा. पबमेडवर दुरुस्ती असेल तर नोंदीच्या वरच दिसते. पबपीअरवर पेपरनिहाय शंका आणि लेखकांची उत्तरं असतात. तिथे शंका आहे एवढ्यावरून मत बनवू नका, उत्तर काय आणि किती दिवसांनी दिलं ते वाचा. "अ" यांनी जे केलं ते करणारे फार कमी असतात, ते तुमच्या हिशेबात ठळक धरा.

टेट्रोड

विद्यार्थ्यांना एकेकट्याने भेटा, लॅबच्या बाहेर. शेवटचा फसलेला प्रयोग कुठला आणि तो फसल्यावर गाईड काय म्हणाले, हे विचारा. लेखकांचा क्रम कधी ठरतो, कामाच्या आधी की मसुदा तयार झाल्यावर? मसुदा गाईडच्या टेबलावर किती दिवस पडून असतो? गाईडच्या जुन्या निष्कर्षाविरुद्ध विदा आला तर तो छापतात का? "अ" यांच्याकडे तर त्या दुरुस्तीचं विश्लेषण कुणी केलं आणि त्या माणसाचं नाव दुरुस्तीवर आहे का, हेही विचारा. आणि ज्यांची नावं तुला कुठेच पहिली सापडली नाहीत, त्यांच्यापैकी एक-दोघांना इमेल कर. बहुतेक जण उत्तर देतात.